साध्या खाद्याची दीडशे पिल्लं

द्वारका चौकात रिक्षावाल्याने संजनाला वासापायी अर्ध्या वाटेत उतरवलं. तिच्या पोत्यात ओव्याची आणि लसणाची पूड होती. ती त्याला तावातावाने बोलत असतानाच शेजारी कोंबड्यांची पिकअप थांबली.

"मॅडम, आमच्या गाडीला तुमच्याहून जास्त वास येतोय. बसा."

"वास मला नाही, पोत्याला येतोय," असं ठणकावून ती बसली. गाडी चालवणारा धम्मपाल सायखेडा गावचा पोल्ट्रीवाला निघाला, आणि तिला प्रयोगासाठी पोल्ट्रीच हवी होती.

प्रयोग सोपा होता. दीडशे पिल्लांच्या खाद्यात ओवा-लसूण, दीडशेंना साधं खाद्य. बेचाळीस दिवसांनी कुणाचं पचन सुधारलं, वजन वाढलं, ते बघायचं. तिची पशुवैद्यकाची पुढची डिग्री त्यावरच होती. दर रविवारी तो तराजू धरायचा, ती आकडे लिहायची... आणि तिने वर पाहिलं की नेमका तोही बघत असायचा. तिसऱ्या रविवारी साध्या खाद्याच्या पिल्लांची पोटं बिघडली. पुढे कशी कोण जाणे, ती सावरली.

शेवटच्या रविवारी दोन्हीकडची वजनं सारखीच भरली. 'मसाल्याचा उपयोग नाही' असं लिहायला संजनाने पेन उघडलं, तेव्हा तिला अक्षरं दिसेनात.

"ते लिहू नका," धम्मपाल पुटपुटला. "उपयोग लय होतो. मी... त्या पिल्लांनाबी घालत होतो. रविवार सोडून."

संजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता सांगा, तुलनेसाठी ठेवलेली पिल्लं परस्पर बरी करणाऱ्या माणसाला म्हणावं तरी काय? गाईडला काय तोंड दाखवू, अक्कल गहाण ठेवली होती का, असं तिने त्याला मनसोक्त सुनावलं. तो मान खाली घालून तराजू पुसत राहिला, हेच तिला जास्त झोंबलं.

"बोल ना! पिल्लांची दया आली का तुला?" रागात ती कधी अरे-तुरेवर आली, तिचं तिलाही कळलं नाही.

"पिल्लांची नाय. त्यांची पोटं बिघडली, त्या रविवारी त्यांच्यापाशी बसून तुम्ही डोळे पुसत होता. मला बघवलं नाय... तुम्ही मला आवडता."

"म्हणून माझी डिग्री बुडवलीस?"

इतका खुळा माणूस आपल्याला आवडावा, याचाही तिला भयंकर राग आला. तिने तिथूनच गाईडला फोन लावून खरं ते सांगितलं, बरीच बोलणी खाल्ली. प्रयोग पहिल्यापासून करायचा, डिग्री सहा महिने पुढे.

"नवी पिल्लं कधी येतात?" फोन ठेवून तिने विचारलं.

"सोमवारी. पण मॅडम, मी शेडमध्ये पाऊल ठेवणार नाय."

"ठेवायचं. माझ्याबरोबर," ती अजून धुसफुसतच होती. "आता मी रोज येणार आहे... आणि पुन्हा मॅडम म्हणालास तर बघ."