सोमवाडीत विरजण कुणाकडे आहे?

"हे अशक्य आहे," व्यवस्थापक गुळवणी म्हणाले. समोर तिन्ही पंप बंद पडलेले होते, पण गुळवणींचा स्वभाव असा की अशक्य गोष्ट डोळ्यांनी दिसली तरी ते तिला ओळख देत नसत.

सोमवाडी म्हणजे चंद्रावरची आपली वस्ती. एका मोठ्या पारदर्शक घुमटाखाली चाळीसेक घरं आणि मधोमध बाग. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ खोल विवरांत बर्फ आहे. तो खणून वितळवायचा आणि पंपाने ते पाणी बागेत खेळवायचं. बाग भाजी देते आणि श्वासाला प्राणवायूही देते. म्हणून सोमवाडीत पहिलीच्या मुलालासुद्धा एक गोष्ट पाठ असते: पंप बंद तर बाग बंद, आणि बाग बंद तर वस्ती बंद.

"मी मूर्ख आहे का?" गुळवणींनी विचारलं. जमलेली मंडळी सभ्य होती, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. "एकाच कंपनीवर विसंबू नये म्हणून मी तीन कंपन्यांचे तीन पंप घेतले. निळा, पिवळा, हिरवा. एक बिघडला तर दुसरा, दुसरा बिघडला तर तिसरा. तीन वेगळ्या कंपन्यांचे पंप एकाच आठवड्यात बिघडतील कसे?"

कोडं खरोखरच चांगलं होतं. फक्त ते सुटलं नाही तर काय होणार, हे गुळवणींनी पुढच्याच वाक्यात सांगितलं. टाकीतलं पाणी आठवडाभर पुरेल. तोवर पंप चालू झाले नाहीत, तर परतीचं यान बोलवायचं, सगळ्यांनी पृथ्वीवर जायचं आणि सोमवाडीला कुलूप.

गर्दीत दहा वर्षांची शाल्मली उभी होती. ती सोमवाडीतच जन्मली होती. पृथ्वी तिला आवडायची, पण आकाशात. शिवाय बागेच्या कोपऱ्यात तिची मिरचीची चार रोपं होती, नुकत्याच मिरच्या धरू लागलेली. यानात झाडं नेता येत नाहीत, असा नियम होता. ती तडक घरी आली.

घरी आजोबा होते. डॉक्टर दिगंबर साबणे, रबर आणि प्लास्टिक यांचे मोठे शास्त्रज्ञ. आई-बाबा बर्फाच्या खाणीवर, त्यामुळे दिवसभर घरात आजोबा, शाल्मली आणि तिवई. तिवई म्हणजे घरचा यंत्रमानव. तिला पाय तीन, म्हणून हे नाव. तिला विनोद कळत नसे आणि त्यामुळे ती फार विनोदी वाटे.

"आजोबा, पंप..."

"ऐकलं. आधी मला ताक दे. ताकाशिवाय माझं डोकं चालत नाही."

"दही कुठंय? पाडव्यासाठी सगळं चक्क्याला टांगलं ना!"

काल गुढीपाडवा होता. पाडव्याला श्रीखंड हवंच, मग तो चंद्रावर का असेना. घरोघरी दही फडक्यात बांधून टांगलं होतं. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक-षष्ठांश. त्यामुळे चक्क्यातलं पाणी गळायला इतका वेळ लागतो की इथे श्रीखंड करणाऱ्याला संतपद मिळायला हरकत नाही.

"मग शेजारून विरजण आण," आजोबा म्हणाले. "दूध कोमट करून ठेवतो."

दूध म्हणजे भुकटीचं. भुकटी पृथ्वीवरून येते, पण विरजण जिवंत असावं लागतं. ते घरोघरी फिरतं. शाल्मलीने वाटी घेतली आणि वाटीत चार हिरव्या मिरच्या टाकल्या, कारण रिकामी वाटी घेऊन शेजारी जायचं नसतं. तिवई तिच्या मागोमाग निघाली.

पहिलं घर पटवर्धनांचं. "अगं, सगळं दही चक्क्याला लावलं," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, लागलं तर तुझ्याच आईकडून आणीन!"

दुसरं घर डिसोझांचं. "संपलं बेटा. पटवर्धनांकडे बघ ना."

"तिथूनच आले."

"मग कांबळ्यांकडे."

कांबळ्यांकडेही फडकी धुवून वाळत घातलेली. शाल्मली घुमटाला जवळजवळ अख्खी फेरी मारून आली. गेली त्या प्रत्येक घरात श्रीखंड होतं, आग्रह होता, पण विरजण नव्हतं.

"नोंद करते," तिवई म्हणाली. "प्रत्येक घर म्हणालं, शेजारी मिळेल. ज्याच्याकडे मिळेल असा एकही शेजारी नाही. हे अशक्य आहे."

"तूही गुळवणीकाकांसारखं बोलू नकोस गं," शाल्मली वैतागली. मग एकदम थांबली. "तिवई, या सगळ्यांनी पहिलं विरजण कुणाकडून आणलं?"

परत फेरी झाली. पटवर्धनमावशी म्हणाल्या, सगुणाकाकूंकडून. डिसोझा म्हणाले, पटवर्धनांकडून, म्हणजे सगुणाकाकूंचंच. कांबळे म्हणाले, "सगुणाकाकूंचं! तसं दही वस्तीत होतं का कुणाचं? सुरीने कापावं असं!"

सगुणाकाकूंचं घर अगदी शेवटी होतं; तिथे ती अजून गेलीच नव्हती. काकू वाती वळत बसल्या होत्या. मांडीवर कापूस, बाजूला वातींची भली मोठी रास. सोमवाडीत तेलाचे दिवे लावायला बंदी आहे, कारण ज्योत प्राणवायू खाते. पण काकूंनी वाती वळणं थांबवलं नव्हतं. नियम दिव्यांना आहे, हातांना नाही, असं त्या म्हणत.

"विरजण? माझ्याकडे?" काकू हसल्या. "पोरी, मी पाडव्यासाठी घागरभर दही चक्क्याला लावलं. चमचाभरसुद्धा मागे ठेवलं नाही. म्हटलं, सगळ्या वाडीत माझंच तर विरजण आहे. कुणाकडूनही परत आणीन!"

शाल्मलीने वाटी खाली ठेवली. मिरच्या हळूच उडाल्या आणि हळूच खाली बसल्या.

"तिवई," ती म्हणाली, "वाटी उचल आणि पळ. पंप उघडायचेत."

तीन पायांनी पळणं हा प्रकार बघण्यासारखा असतो, पण बघायला वेळ नव्हता. आजोबांना उठवून, गुळवणींना बाजूला सारून शाल्मलीने निळा पंप उघडायला लावला. आत फिरणारा दांडा आणि त्याच्याभोवती रबराची एक काळी कडी. फिरत्या दांड्याच्या कडेने पाणी बाहेर येऊ नये म्हणून ती कडी असते. ती तडकली होती. पिवळा पंप उघडला. तशीच कडी, तशीच तडकलेली. हिरव्यातही तीच. तिन्ही कड्यांच्या पाठीवर माशाचा एकच छोटा ठसा.

"म्हणजे?" गुळवणी म्हणाले.

"म्हणजे काका, तुम्ही तीन घरांतून विरजण आणलंत," शाल्मली म्हणाली, "पण तिन्ही घरांनी ते सगुणाकाकूंकडूनच आणलं होतं."

आजोबांनी टाळी वाजवली. इतक्या वर्षांत गुळवणींनी त्यांना टाळी वाजवताना प्रथमच पाहिलं होतं.

"हिला पुरवठा साखळी म्हणतात," आजोबा सांगू लागले. "(कच्च्या मालापासून आपल्या हातात वस्तू येईपर्यंत मध्ये जे जे हात लागतात, त्यांची ओळ.) आपल्याला पंप कंपनी देते. कंपनीला कडी कारखाना देतो. कारखान्याला रबर आणखी कुणी देतं. आपण फक्त शेवटच्या हाताकडे बघतो, कारण बिल तो देतो. तिथे तीन हात दिसले की आपण निवांत झोपतो. पण मागे जाऊन पाहिलं तर तिन्ही ओळी एकाच दारात जाऊन उभ्या! ते एक दार बंद झालं की तिन्ही बंद."

"पण तिन्ही कंपन्यांनी एकाच ठिकाणाहून का घ्यावं? आळशी आहेत?" गुळवणींनी विचारलं.

"मुळीच नाही. माशाच्या छापाची कडी सगळ्यात चांगली आणि सगळ्यात स्वस्त होती. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचंच केलं. तुम्ही सगळ्यांनी सगुणाकाकूंचं विरजण का घेतलंत? वाईट होतं म्हणून? सगळे शहाणे मिळून कधीकधी एक मोठा वेडेपणा करतात, गुळवणी. तो कुणा एकाचा नसतो, म्हणून कुणाला दिसत नाही."

तिवईने पृथ्वीवर तिन्ही कंपन्यांना फोन लावला. चंद्रावरून पृथ्वीवर आवाज पोचायला सव्वा सेकंद लागतो. कंपनीच्या माणसाला फोन उचलायला त्याहून पुष्कळ जास्त लागला. उत्तर मात्र तिघांचं एकच होतं. कड्यांची ती खेप कच्ची निघाली आहे, थंडीत तडकते. नव्या कड्या नाहीत, कारण माशाच्या छापाच्या कारखान्यात पुराचं पाणी शिरलं आहे. निदान सहा महिने थांबा.

"सहा महिने!" गुळवणी मटकन बसले. चंद्रावर मटकन बसायलाही थोडा वेळ लागतो, तो त्यांनी घेतला. "संपलं. यान बोलावतो."

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांनी मात्र वाटीतली एक मिरची उचलली, तिचं देठ खुडलं आणि विचारलं, "शाल्मू, विरजण म्हणजे काय?"

"दही."

"नाही. विरजण दुधाचं दही बनवतं, ते काम करतात जिवाणू. (इतके लहान जीव की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत.) हे जिवाणू मिरचीच्या देठांवरही असतात. कोमट दुधात देठं टाकून झाकून ठेवलं की ते दूध विरजतं. पहिलं दही पातळ होईल. त्याचं विरजण लावून दुसरं लावलं की घट्ट. वस्तू संपली की तिचं नाव घेऊन रडत बसायचं नाही. ती काय काम करत होती, ते विचारायचं. त्या कामाला दुसरं कोण लागेल, ते शोधायचं."

शाल्मलीने डोळे पुसले. "कडी काय काम करत होती? फिरत्या दांड्याभोवती घट्ट बसायचं आणि पाणी अडवायचं." ती एकदम ओरडली, "आजोबा, वाती!"

"काय?"

"काकूंच्या वाती! मेणात भिजवून, वेणीसारख्या वळून दांड्याभोवती गुंडाळल्या तर?"

आजोबांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "रबराच्या कड्या आल्या त्याच्या आधी पंपांत सुताच्या दोऱ्याच भरत. चरबीत भिजवून. आयुष्यभर रबरावर संशोधन केलं ना, त्यामुळे रबराआधीचं विसरलो!"

सगुणाकाकू वातींची रास घेऊन स्वतः आल्या. निळ्या पंपात मेणात भिजवलेली सुती वेणी गच्च बसवली.

"तिन्हींत तेच घालू," गुळवणी उत्साहाने म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. गुळवणींच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. "नको," ते म्हणाले. "कळलं. उद्या कापूस संपला तर?"

"शाबास," काकू म्हणाल्या.

पिवळ्या पंपासाठी जुन्या अवकाश-बुटाच्या तळव्यातून रबराची कडी कापली. हिरव्यासाठी चामडं हवं होतं, तेलात मुरवलेलं. चामडं सोमवाडीत एकाच जागी होतं: गुळवणींच्या कमरेला. त्यांनी एकवार घुमटापलीकडच्या पृथ्वीकडे पाहिलं आणि पट्टा काढून दिला. गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे विजार हळू घसरते, हा शोध त्या दिवशी लागला.

"चालू करू?" तिवईने विचारलं.

"कर."

निळा पंप खोकला, थरथरला. वेणीजवळून पाण्याचा एक थेंब आला. "गळतंय!" गुळवणी किंचाळले. "थेंब येऊ दे," आजोबा म्हणाले, "त्याने दांडा थंड राहतो." मग पिवळा घुमू लागला. मग हिरवा. बागेच्या पाटात पाणी खळखळलं, आणि अख्खी सोमवाडी अशी उड्या मारू लागली की चंद्रावर उड्या मारताना छताचं भान ठेवावं, हा नियम सगळ्यांनी मिळून मोडला. शाल्मलीच्या मिरचीच्या रोपांनी संध्याकाळपर्यंत माना वर केल्या.

देठांचं दही पातळच झालं. दुसरं दही घट्ट झालं. आजोबांना ताक मिळालं, आणि गुळवणींना नवा पट्टा, सुती वेणीचा. तेव्हापासून सोमवाडीत दोन चाली पडल्या आहेत. प्रत्येक घर श्रीखंडाआधी चमचाभर विरजण मागे ठेवतं. कुणी काकूंचं, कुणी देठांचं, कुणी लिंबाचं. आणि कुणी कुठलीही वस्तू आणली की लहान मुलंसुद्धा विचारतात, "कुठून आणलीत?" आणि लगेच, "आणि त्यांनी कुठून आणली?"

पण खरी गंमत पुढे झाली. पृथ्वीवर पूर आलेल्या गावांत पाणी उपसायचे पंप अडून बसले होते. त्यांच्याही कड्या माशाच्या छापाच्याच. शाल्मली आणि सगुणाकाकूंनी पडद्यासमोर बसून मेणाची वेणी कशी वळायची, ते करून दाखवलं. गावोगावच्या बायका-पुरुषांनी ती वळली आणि पंप सुरू झाले. इतकी वर्षं पृथ्वी चंद्राला माल पाठवत होती. पहिल्यांदाच चंद्राने पृथ्वीला काहीतरी पाठवलं, आणि त्याला यानसुद्धा लागलं नाही.

एका गावातून प्रश्न आला, "शाल्मलीताई, यासाठी कापूस कोणत्या दुकानातून घ्यायचा?"

शाल्मलीने काकूंकडे पाहिलं, काकूंनी गुळवणींकडे, आणि गुळवणींनी स्वतःच पुढे होऊन पृथ्वीला उत्तर दिलं:

"एकाच दुकानातून नको. आणि दोन दुकानांतून घेतलात, तर दोघांना विचारा, ते कुठून आणतात."