हार्लनची झोप

मार्च महिना होता. ट्रक चालवायचं डॉक्टरी सर्टिफिकेट संपत आलं होतं, म्हणून मी फार्गोला गेलो. नेहमीचंच काम. डोळे, कान, रक्तदाब, बाटलीत लघवी, सही, शिक्का आणि जेवायला घरी. या खेपेला मात्र डॉक्टरने टेप काढून माझी मान मोजली.

"घोरता का?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत? मी झोपलेला असतो."

बायकोला बरोबर नेलं होतं, तिथेच चुकलं. लव्हॉन म्हणाली, "डॉक्टर, शेजाऱ्यांचं कुत्रं उठून बसतं. आणि मधेच याचा श्वास बंद पडतो. मी आकडे मोजत पडायचे. एकदा चाळीसपर्यंत गेले होते."

झालं. अंगाला तारा चिकटवून एक रात्र तपासणी. निकाल आला की झोपेत माझा श्वास तासाला अडतीस वेळा थांबतो, नाकात हवा सोडणाऱ्या यंत्राचा मास्क लावून झोपा. मी म्हटलं, अहो, मला मुळात धड झोपच लागत नाही, बारा वर्षं झाली. तर म्हणे तो वेगळा आजार, त्याचा डॉक्टर वेगळा. त्या वेगळ्याने गोळी लिहून दिली. पहिला म्हणाला, गोळी अजिबात घेऊ नका, श्वास आणखी थांबेल. तिसऱ्याने रक्तदाब पाहिला आणि म्हणाला, सगळं झोप नसल्यामुळे होतंय, जरा झोपत जा. मास्क लावला की झोप उडते, काढला की श्वास अडतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आणि नियम असा, की मास्क रात्रीचा किमान चार तास, दहातल्या निदान सात रात्री लावायचा. यंत्र आपलं आपण क्लिनिकला कळवतं. महिनाभर आकडे बरोबर आले तर सर्टिफिकेट, नाहीतर ट्रक उभा. छप्पन्नाव्या वर्षी मला दुसरं काय येतं?

नव्या यंत्राला तीन महिन्यांची रांग होती. माझ्या हातात एक महिना. तेव्हा लव्हॉन हळूच म्हणाली, "हार्लनचं पडलंय ना कपाटात."

हार्लन तिचा भाऊ. माणूस वाईट नव्हता, पण आळशी किती असावं? घटस्फोटानंतर चार वर्षं आमच्या सोफ्यावर झोपला. उंची साडेसहा फूट, पाय बाहेर लोंबकळलेले, गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे वळ दुपारपर्यंत तसेच. तोंडात कायम विंटरग्रीनची, मलमासारख्या वासाची तंबाखू. माझी गाडी न विचारता न्यायचा आणि सीट पार मागे ढकलून ठेवायचा. मी पाच फूट पाच. दर वेळी शिव्या घालत सीट पुढे ओढायची. तोही ट्रकवालाच. दोन वर्षांपूर्वी मास्क घरी विसरून आठवडाभराच्या खेपेवर गेला आणि टॅपन गावाजवळ, सरळ रस्त्यावर, भर दुपारी दोनच्या सुमाराला त्याला डुलकी लागली. रस्त्यावर ब्रेकची एक खूणसुद्धा नव्हती.

क्लिनिकमधल्या ट्रूडी नर्सने यंत्रातलं त्याचं नाव पुसलं, माझं घातलं, नळी आणि मास्क नवे दिले. पहिल्या रात्री मास्क तोंडावर बसवला, तर आत विंटरग्रीनचा वास. नव्याकोऱ्या मास्कमध्ये. मी फेकलाच तो. उशीवर टाकला, स्वयंपाकघरात दिव्याखाली शब्दकोडं घेऊन बसलो, ते पहाटेपर्यंत. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्रीही. लव्हॉन माझ्या घोरण्याला कंटाळून केव्हाची मागच्या खोलीत झोपायला लागली होती, त्यामुळे बघणारं कोणी नव्हतं. सर्टिफिकेट गेलं, असं मी धरूनच चाललो होतो.

नवव्या दिवशी ट्रूडीचा फोन. "ऑर्लिन, कमाल केलीत तुम्ही. रोज सात तास चाळीस मिनिटं! असा पेशंट मी पाहिला नाही."

"कोण?" मी म्हणालो.

"तुम्हीच हो. लहान मुलासारखे झोपताय."

मी फोन ठेवला. यंत्रात गडबड असेल, आपल्याला काय. पण न्याहारीला लव्हॉन म्हणाली, "काल फार घोरत होतास. अगदी हार्लनसारखा. मला मेलीला रडू आलं."

त्या रात्री मी शब्दकोडं उघडलंच नाही. दिवा लावून बसलो आणि ऐकत राहिलो. फ्रिजची घरघर, बाहेर बर्फावरून घासत जाणारा वारा. मग झोपायच्या खोलीतून आवाज यायला लागला. स्स्स... थांबून... हंऽऽ. स्स्स... हंऽऽ. सावकाश, पोट भरल्यासारखा श्वास. मी मोजे घातलेल्या पायांनी दारापर्यंत गेलो. यंत्राचा हिरवा दिवा जळत होता. मास्क उशीवर, पण पडलेला नव्हता. उभा होता. पट्ट्या ताणलेल्या, आत कुणाचं डोकं असावं तशा. उशीला मधोमध खळगा. आणि तो वास.

खरं सांगू? मी घाबरलो, पण त्याहून जास्त चिडलो. बारा वर्षं मला डोळा लागत नाही आणि हा मेलेला माणूस माझ्या पलंगावर ढाराढूर झोपतो!

"हार्लन..." मी कुजबुजलो. "अरे, निदान मेल्यावर तरी..."

श्वास थांबला. मी मोजलं... अठ्ठावीस, एकोणतीस... मग उशीवरून एक लांब, समाधानाचा सुस्कारा आला. बेट्याने कूस बदलली असावी.

दुसऱ्याच दिवशी मी क्लिनिकमध्ये गेलो होतो. खरं सांगायलाच गेलो होतो. "ट्रूडी, तो मी नव्हे," एवढं तोंडाशी आलं होतं. पण तिने आकड्यांचा कागद पुढे केला, वर डॉक्टरचा हिरवा शेरा. माझ्या डोळ्यांसमोर ट्रक आला. मी थँक्यू म्हणालो आणि बाहेर पडलो.

रात्री दारात उभं राहून म्हणालो, "झोप बाबा. आयुष्यभर माझ्या सोफ्यावर झोपलास, आता माझ्या नावावर झोप." तेवढी एक चूक मी शुद्धीत केली.

महिना भरला, सर्टिफिकेट मिळालं. पुढच्या सोमवारी सूर्यफुलाच्या बिया भरून बिस्मार्कला निघालो. यंत्र बरोबर ठेवायचा नियम आहे. मी ते घरीच ठेवलं. ज्याची झोप त्याला लखलाभ. मला आदल्या रात्री जेमतेम दोन तास मिळाले होते, पण ऊन स्वच्छ होतं, थर्मासमध्ये कॉफी होती. जेम्सटाउन गावचा तो सिमेंटचा थोराड गव्याचा पुतळा उजवीकडे मागे पडला, तेव्हा घड्याळात दोन वाजले होते. हे मला नीट आठवतं.

त्यानंतर फोन वाजला.

मी डोळे उघडले. ट्रक उभा होता. समोरच्या काचेतून चाळीस फुटी पत्र्याचा करकोचा माझ्याकडे बघत होता. तो करकोचा स्टील नावाच्या गावात आहे. जेम्सटाउनपासून पंचावन्न मैल. मधे टॅपन लागतं. घड्याळात पावणेतीन.

"ऑर्लिन," लव्हॉनचा आवाज कापरा होता. "तू यंत्र चालू ठेवून गेलास का रे?"

"नाही."

"दोन वाजल्यापासून आवाज येत होता. मला वाटलं, वारा आहे. आत्ता जाऊन बघितलं तर... मास्क गरम होता. मी वायर उपटली."

"कधी?"

"आत्ताच. उपटली आणि तुला फोन लावला."

मी आरशात पाहिलं. माझ्या दोन्ही गालांवर लाल, खोल वळ होते. कानाखालून मागे गेलेले. मी बोट फिरवलं तर दुखले. बारा वर्षांत डोकं इतकं हलकं वाटलं नव्हतं. पंचेचाळीस मिनिटं मी गाढ झोपलो होतो, ताशी पंचाहत्तर मैलांच्या वेगाने.

"लव्हॉन, मी ट्रूडीला फोन करतो," मी म्हणालो. "सगळं सांगतो."

"सर्टिफिकेट जाईल."

"जाऊ दे."

ट्रूडीला सांगितलं की महिनाभर मास्क मी लावलाच नाही. कुणी लावला, ते नाही सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. मग कोरडेपणाने म्हणाली, "ऑर्लिन, तुम्ही कुणाचा तरी जीव घेतला असता. ट्रक आहे तिथेच ठेवा, न्यायला दुसरा ड्रायव्हर बोलवा. तुम्ही ट्रकला हात लावू नका." बाई शंभर टक्के खरं बोलत होती. मला हलकंच वाटलं. ट्रक गेला तर गेला. टॅपनची ती सरळ वाट सुखरूप पार झाली होती, या खेपेला हार्लन जागा राहिला होता. पण दर खेपेला राहील म्हणून कोण सांगणार?

इंजिन अजून घुरघुरत होतं. ते बंद करून उतरावं म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवायला गेलो. पाय हवेतच राहिला. दुसरा लांबवला, तोही.

सीट पार मागे ढकललेली होती.