डावं दार

मानायचं तर माना, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. मामाने मला सांगितलं तेव्हा तो पंक्चरबद्दल बोलावं तशाच आवाजात बोलत होता, म्हणून तर माझा विश्वास बसला.

मामा गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. रविवार होता. दुपारचे चार. गॅरेज बंद, शटर अर्धं खाली, आत फक्त त्याची स्वतःची गाडी. पाच वाजता एक कंपाउंडर ती बघायला येणार होता. मामाला ती एकदाची विकून मोकळं व्हायचं होतं.

कारण मामी त्याच गाडीत गेली.

चार महिन्यांपूर्वी तिच्या छातीत दुखायला लागलं, म्हणून तो तिला दवाखान्यात नेत होता. मामीची जन्माची खोड, दार हलकेच लावायची. ते नीट बसायचं नाही आणि आतला दिवा जळत राहायचा. त्या दिवशीही तेच झालं.

"अगं, जोरात लाव म्हणून किती वेळा सांगायचं तुला?" मामा खेकसला. गाडी थांबवून उतरला, पलीकडे गेला आणि दार धाडकन आपटलं.

दवाखाना येईपर्यंत मामी एक अक्षर बोलली नाही. त्याला वाटलं, रुसली.

मामा रडला नाही. चौथ्या दिवशी कामावर आला. कुणी वाढलं की जेवायचा, नाही वाढलं तर नाही. पार बधिर झाला होता.

तर त्या रविवारी गाडी पुसताना त्याला दिसलं...

आतला दिवा जळतोय.

चारही दारं बंद. आणि समोर डॅशबोर्डवर डाव्या दाराची लाल खूण. दार उघडं आहे म्हणून.

"सेन्सर गेला, दुसरं काय," तो पुटपुटला. दाराच्या चौकटीत एक छोटं बटण असतं. दार लागलं की ते दाबलं जातं आणि दिवा विझतो. त्याने दार उघडून अंगठ्याने बटण दाबलं. दिवा विझला. म्हणजे बटण ठणठणीत.

दार लावलं... दिवा लागला.

नवीन बटण बसवलं. तेच. बटणाची वायर काढली. तेच. शेवटी वैतागून त्याने बॅटरीच सोडवली. आता गाडीत करंट म्हणून नव्हता.

दिवा... जळतच होता.

मग डावी सीट कुरकुरली. कुणीतरी अवघडून बसलेलं जरा सरकावं, तशी.

"घाबरला नाहीस?" मी विचारलं.

"घाबरायला आधी काहीतरी वाटावं लागतं ना रे," मामा म्हणाला.

त्याने पाना खाली ठेवला. डावं दार उघडलं आणि थांबला. मामीचे गुडघे दुखायचे, तिला उतरायला वेळ लागायचा. तेवढा वेळ तो थांबला. मग दोन बोटांनी दार हलकेच लावलं. अगदी तिच्यासारखं. अर्धवटच लागलं.

आणि दिवा विझला.

कंपाउंडर आला, त्याला त्याने दारातूनच परत पाठवलं.

मला ही गोष्ट त्याने गेल्या आठवड्यात गाडी चालवतानाच सांगितली. निघताना मी पुढे बसायला गेलो, तर म्हणाला होता, "मागे बस." घरी पोचलो. मामा उतरला, वळसा घालून डावीकडे गेला, रिकाम्या सीटचं दार उघडलं आणि उभा राहिला.

मी मागून बघत होतो. दबलेली गादी... सावकाश वर आली.

मामाने दोन बोटांनी दार टेकवलं. दिवा विझला. काहीतरी बोलायचं म्हणून सवयीने तोंडून निघून गेलं, "मामा, दार नीट लागलं नाही. जोरात लाव ना."

आतला दिवा... पुन्हा लागला.

"तिला असं कुणी बोलायचं नाही," मामा म्हणाला. मामी गेल्यापासून पहिल्यांदाच त्याचे डोळे भरून आलेले मी बघितले.

तो परत दार उघडून थांबला. या वेळी खूप वेळ थांबला.

मी त्यानंतर त्या गाडीत बसलेलो नाही.