कागदावर नाहीस

सिद्धराम दाखला काढायला आला होता, बस्स. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या पोराचं विद्यापीठात दुसरं काम तरी काय? खिडकीतल्या चेतनाबाईंनी अर्ज घेतला आणि त्याला सभागृहात पिटाळलं. तपासणी समिती आली होती. खुर्च्या भरलेल्या दिसायला हव्या होत्या.

वैरागच्या पुढं माळावरचं ते विद्यापीठ. त्या दुपारी वाळलेल्या झाडांनासुद्धा गेरू फासला होता. व्यासपीठावर परीक्षा विभागाचे देवदत्त सर विद्यापीठाची ओळख करून देत होते. एकशेवीस एकर, साठ महाविद्यालयं, खेड्यातल्या मुलींना उघडलेली दारं.

सिद्धरामनं दात आवळले.

मागच्या उन्हाळ्यात त्याची बहीण सोनाली पेपरला दहा मिनिटं उशिरा पोचली. गाडीवरनं तिला सोडायचं होतं सिद्धरामनं. तो उठलाच नाही, ती एसटीनं गेली. तोवर हजेरीपत्रकात तिच्या नंबरासमोर लाल शाईनं ‘गैरहजर’ पडलं होतं. तिनं पेपर पुरा लिहिला. पण पत्रकात खाडाखोड केली की वर खुलासा द्यावा लागतो. म्हणून देवदत्त सरांनी पत्रक तसंच ठेवलं, तिची उत्तरपत्रिकाच गायब केली. असली ही वडीलधारी माणसं. तिनं पाच खेपा घातल्यावर सर म्हणाले, “कागदावर तू नाहीस, बाई. मी काय करू?”

त्याच संध्याकाळी ती विहिरीत सापडली.

पंखे गरगरत होते, तरी सभागृहात शेवाळाचा वास दाटत गेला. उपस्थितीचं पत्रक फिरत फिरत मागं बसलेल्या सिद्धरामपाशी आलं. कड ओली होती. पहिलंच नाव देवदत्त सरांचं, समोर लाल शाईत ‘गैरहजर’. अक्षर सोनालीचं.

समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “परीक्षा विभागाचं कुणी आलंच नाही का?”

“मी बोलतोय की…” सर म्हणाले.

कुणाची मान वळली नाही. सरांनी टेबलावर हात आपटला. आवाज झाला नाही. शिपायानं त्यांच्या तोंडासमोरचा माइक काढून नेला. मग ते खाली उतरले, एकेकाचा खांदा हलवत मागं आले.

“तू… तुला दिसतोय मी. सांग ना त्यांना, मी आहे म्हणून…”

वर्षभर याच घटकेसाठी तो जगला होता. त्यानं पत्रक त्यांच्यापुढं धरलं.

“कागदावर तुमी न्हाय, सर. मी काय करू?”

सर ओरडत राहिले. सिद्धराम शीळ घालत बाहेर आला. चेतनाबाई त्याच्या दाखल्यावर शिक्का मारत होत्या.

“बाई, माजा दाखला.”

त्यांनी मान वर केली आणि त्याच्या आरपार, मागं उभ्या मुलीला विचारलं, “तो सिद्धराम कुठं गेला गं? आत्ता तर होता.”

शेवाळाचा वास आला. पत्रक अजून त्याच्या हातातच होतं. त्यानं ते उलटलं. मागच्या बाजूला एकच नाव होतं, सोनालीच्याच अक्षरात.

शाई वाळायची होती.