एकटा ठिपका

"मी नाही हो मारलं त्यांना! उद्या पोलीस मला घेऊन जाणार!" दारातच डॉर्थेला रडू फुटलं.

मदतनीस पाल्लेच्या हातातली कॉफी सांडली. खाजगी गुप्तहेर गुद्रून केअरचं बोटही हललं नाही. "बसा आधी. रडून का सुटका होते?"

ओडेन्से शहरातले लाकडी कोड्यांचे कारागीर विलाड्स झोपेच्या गोळ्या जास्त पोटात जाऊन वारले होते. अर्धांगानं वाचा आणि एक हात गेलेला. डॉर्थे त्यांची परिचारिका. गोळ्यांच्या कपाटाची किल्ली सात तुकडे जुळवून बनणाऱ्या लाकडी ठोकळ्याच्या पोटात असायची. ती रोज काढायची डॉर्थेच, म्हणून संशय तिच्यावर.

"रोज तीन तुकडे काढून किल्ली घ्यायची, एक गोळी द्यायची," डॉर्थे म्हणाली. "मग भिंतीवरच्या आलेखावर विलाड्स बोट ठेवतील तसे तेच तुकडे बसवायचे. अख्खा ठोकळा मला जन्मात जमायचा नाही!"

तिघं विलाड्सच्या कारखान्यात गेली. कपाटाला लागूनच भिंतीवर तो आलेख होता. ठोकळा जुळवायच्या दोनशे चाळीस तऱ्हा, प्रत्येकीचा एक ठिपका, शेजारी चिमुकलं चित्र. दोन-तीन तुकडे हलवून एकीवरून दुसरीवर जाता येत असेल, तर मध्ये लाल दोरा. कपाटाजवळच्या कोपऱ्यातल्या एका ठिपक्याला मात्र दोराच नव्हता.

विलाड्सच्या मुलीनं, रागनानं, वेलदोड्याचे पाव पुढे केले. "मी आठवडाभर ऑर्हूसला होते. काल कळलं तशी धावत आले."

"तुम्हाला येतो का हा ठोकळा जुळवता?" पाल्लेनं सहज विचारलं.

"एकाच तऱ्हेनं, आठव्या वर्षी पाठ केलेली." ती हसली. "बाबा चिडवायचे, एवढ्या वाटा सोडून कार्टीनं नेमकी आडवाट धरली!"

गुद्रून टेबलावरचा ठोकळा चित्रांशी ताडून पाहत होती. तिचं बोट कोपऱ्यातल्या ठिपक्यावर थांबलं.

"ठोकळा आत्ता या रूपात आहे."

"बरं, मग?" पाल्ले म्हणाला.

"अरे शहाण्या, दोरा कुठाय? तीन-तीन तुकडे हलवत डॉर्थे शंभर वर्षं बसली असती, तरी इथं पोचली नसती. हा कुणीतरी पुरता मोडला. किल्लीला तीन तुकडे पुरतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि परत जुळवला तो पाठ असलेल्या एकुलत्या तऱ्हेनं."

पाल्लेचा घास तोंडातच राहिला. त्यानं रागनाकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती.

"बाबांनीच गोळ्या मागितल्या," ती पुटपुटली. "दर भेटीत कपाटाकडे बोट दाखवून रडायचे. मला बघवेना. परवा गुपचूप आले आणि..."

"आणि माझा बळी देणार होतीस?" डॉर्थे ओरडली. मग एकाएकी ती भिंतीकडे वळली. "अगं, पण कपाटाकडे नव्हतं ते बोट. त्या ठिपक्याकडे होतं, तुझ्या आडवाटेकडे. मरण नव्हे, लेक मागत होते ते. रोज मलाही दाखवायचे, आणि मला तिथं जाताच यायचं नाही."

रागना त्या एकट्या ठिपक्याकडे बघत राहिली. पाल्लेला तिच्याकडे बघवेना. तो पोलिसांना फोन करायला बाहेर गेला.