साडेचार मासे

दत्तप्रसादला यात मिळण्यासारखं काय होतं? काही नाही. पेडण्याच्या बाजारातल्या त्याच्या सोनाराच्या दुकानात, सोनं तोलायच्या नाजूक काट्यावर कुणी जिवंत मासा ठेवायला आली, तर काटा ओला होणार, गिऱ्हाईक नाक मुरडणार, आणि गल्ल्यात दमडी पडणार नाही. तरी त्याने काटा पुढे सरकवला. ती अवघडून हसली होती ना…

सेजल मूळची कारापूरची, इब्रामपूरच्या मत्स्यबीज केंद्रात नोकरीला. ओढ्यातले बोटभर मासे टाकीत अंडी घालत नाहीत. त्यांना संप्रेरकाचं इंजेक्शन द्यावं लागतं, तेही वजनाप्रमाणे थेंबभर. एवढुसा जीव केंद्राच्या काट्याला कळतच नव्हता.

"साडेचार मासे," दत्तप्रसादने वजन वाचलं.

"एकच तर आहे!"

"जीव एकच. वजन साडेचार मासे. आमचो सोनारांचो मासो वेगळो, बाय — आठ गुंजांचो."

त्याचे वडील सखारामशेट आतून म्हणाले, सोमवारी मासा खाऊ नये हे ठाऊक होतं, तोलावा की नाही ते भटाला विचारायला हवं.

दोन वेळा ती डबा घेऊन आली, वजनं घेऊन गेली. दोन्ही वेळा अंडी नाहीत. आता अंड्यांवर आलेली एकच मादी उरली होती. ऑगस्टअखेर अंडी दिसली नाहीत तर काम बंद, सेजल परत कारापूरला. स्कूटरवरच्या धक्क्यांनी मादी दमते म्हणाली, तर तिसऱ्या वेळी दत्तप्रसाद काटाच घेऊन इब्रामपूरला पोचला. सकाळी सातला.

मादीला पूर्ण मात्रा, दोन नरांना निम्मी.

"आमच्यावर अन्याय," तो म्हणाला.

"नराला निम्मीच पुरते. तो आधीच तयार असतो."

तो काटा पुसत बसला. कोरडाच होता.

दुपार झाली. मादी कोपऱ्यात, नर दुसरीकडे. सेजल जेवली नाही. आणि चारच्या सुमारास… नर तिच्या मागे, ती टाकीत सोडलेल्या काथ्याच्या झुपक्यात, आणि धाग्या-धाग्याला चिकटलेले मोहरीएवढे मणी! आता आईबापांना लगेच बाहेर काढायचं, नाहीतर तेच अंडी खातात. चार हात एकाच टाकीत उतरले. मासे जाळीत आले, तरी दोन हात निघेनात.

"हात काढ. पाणी गढुळतंय."

"काढतो. तू — थांबशील ना?"

"वर्षभर तरी. पिल्लं वाढवायची आहेत."

"वर्षाचं नाय विचारत मी…"

तिने मादी अलगद दुसऱ्या टाकीत सोडली. वर न बघता म्हणाली, "एवढं विचारायला अंड्यांची वाट कशाला बघितलीस?"

तर हिशेब असा. अंडी दोनशे बारा, जगली त्यातली निम्मी. सेजलची नोकरी टिकली; दत्तप्रसादचं काय, ते त्याच्या तोंडावर दिसतच होतं. भुर्दंड भरला तो सखारामशेटांनी. त्या दिवशी मुलगा दुकानात नाही म्हणून पाटल्या घडवायला आलेलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं, आणि माघात मंगळसूत्र घडवलं, त्याची घडणावळ सुनेकडून मागायची कशी?