मिठावरचा छापा

हरिहररावांना सज्जन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्ही म्हणा हवं तर.

साल एकावन्न, एप्रिलची दुपार. ठाण्याच्या मिठागरात ऊन नुसतं चावत होतं. छत्री उघडून हरिहरराव बांधावरून चालले होते, एका बाईचा अंगठा घ्यायला. मीठखात्यात तीस वर्षं कारकुनी केलेला हा गृहस्थ पेन्शनीत निघाल्यावर देशभक्त व्हायला निघाला होता. गावात सत्याग्रहींचा सत्कार ठरला होता. 'हे आमच्या बाजूने उभे राहिले' असं कोणी लिहून दिलं की काम फत्ते. आणि साक्षीला निवडली कोण, तर ठमाबाई. निर्लज्जपणालाही काही सीमा असते.

ठमाबाईचा नवरा राघो. तीस सालात त्याने सरकारी राशीतलं मूठभर मीठ उचललं. गोऱ्या साहेबाने बुटाखाली त्याचा उजवा हात चिरडला, मग डोक्यात काठी घातली. राघो जागीच गेला. पंचनाम्यात हरिहररावांनी लिहिलं, 'पाय घसरून पडला.'

ठमाबाई मिठाच्या राशीपाशी बसली होती. राशीवर लाकडी छाप्याची ताजी अक्षरं होती. मिठाला कोणी हात लावला की ही अक्षरं मोडतात आणि चोरी कळते.

"बाई, साहेबाने लिहायला लावलं हो. माझा नाइलाज होता."

"साहेब काय बोललेला तवा? मी तितंच होती."

हरिहररावांनी छत्री तोंडापुढे ओढली. साहेब मोडक्या मराठीत म्हणाला होता, 'झालं ते लिही,' आणि घोड्यावर बसून गेला होता. त्या उन्मत्ताला भीती कोणाची? खोटं रचलं ते यांनीच, कोणी न सांगता, बढतीसाठी. एकवीस वर्षं हे स्वतःलासुद्धा साहेबाचं नाव सांगत आले होते.

"माजा अंगठा नाय मिलायचा," ठमाबाईने राशीकडे बोट केलं. "त्याचा घे."

वारा पडला होता. मिठातून करकर आवाज आला, कोणी दात खावेत तसा... छाप्याची अक्षरं हळूहळू आत दबली. तिथे पंजा उमटला. उजवा. तीन बोटं वाकडी.

हरिहरराव पळाले. पण घरी पोचून, घाम पुसून, त्यांनी काय केलं असेल? दार लावून स्वतःचाच अंगठा शाईत बुडवला आणि ठमाबाईच्या नावापुढे दाबला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

दुसऱ्या दिवशी सत्काराचे अर्ज घेणाऱ्या कचेरीत गुरुदत्त नावाच्या तरुण कारकुनाने कागद उजेडात धरला.

"काळा अंगठा ठमाबाईंचा. हा पांढरा कोणाचा?"

"पांढरा...?"

शाईच्या ठशाशेजारी ओल्या मिठाचा ठसा होता.

गुरुदत्तने मान वर केली आणि हरिहररावांच्या खांद्यामागे पाहिलं. "यांचा का? बसा ना तुम्ही... अहो, यांची बोटं कशाने मोडली?"

हरिहररावांच्या मानेला गार, खारट वाफ लागली. 'पाय घसरून' एवढं जिभेवर आलं, आणि तोंड मिठाने भरून गेलं.

"सांगा," गुरुदत्तने टाक दौतीत बुडवला. "झालं ते लिहितो."